अकरावीतल्या मुलाच्या सॅकमध्ये झोपेच्या गोळ्या सापडल्या, आता काय करू?

ताई, तुम्ही लिहिलंय की स्ट्रिप अल्प्राझोलामची आहे, मुलगा म्हणतो "मित्राची आहे", आणि त्याचे बाबा गोळ्या फेकून देऊन त्याचं बाहेर जाणं बंद करायला निघालेत. कोथरूडमध्ये माझं मेडिकल आहे, त्यामुळे हे औषध रोज हाताखालून जातं. कळकळीने सांगतो, स्ट्रिप फेकू नका आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळ्या एकदम बंद करू नका.

मुलगा कित्येक आठवडे रोज घेत असेल तर शरीराला सवय लागलेली असते. अचानक तोडल्यावर झोप उडते, हात थरथरतात, जीव घाबरा होतो आणि फिटही येऊ शकते. म्हणून मानसोपचारतज्ज्ञ डोस हळूहळू उतरवतात. एखाद-दोनदाच घेतली असेल तर ही भीती नसते. पण किती आणि कधीपासून हे फक्त तोच सांगू शकतो, आणि बाबांनी आवाज चढवला की तो आकडा कमीच सांगणार. बाबांना बाजूला ठेवून तुम्ही आणि मुलगा असे दोघंच बसा आणि विचारा. सोबत दारू किंवा कोडीनचं खोकल्याचं औषध घेतो का, हेही विचारा. एकट्या गोळीपेक्षा ही जोडी फार घातक, कारण श्वासच मंदावतो. कधी हलवूनही जागा झाला नाही, श्वास घरघरता किंवा तुटक वाटला, तर कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा. कॉफी पाजणं, उलटी करवणं यात वेळ घालवू नका.

आता गोळ्या आल्या कुठून? हे औषध शेड्यूल एच-१ या सरकारी यादीत आहे. २०१४ पासून नियम असा की चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही, डॉक्टरांचं नाव, पेशंटचं नाव आणि किती गोळ्या दिल्या ते रजिस्टरमध्ये लिहायचं आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं. तरीही माझ्या काउंटरवर मुलं मोबाइलवर चिठ्ठीचा फोटो दाखवतात, "आजोबांना हव्यात" म्हणतात, आणि अंगठा नेमका तारखेवर असतो. मी देत नाही. पण सगळेच नाही म्हणतात असं छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही, आणि याचा मला मनापासून राग येतो.

तरी दुकानाआधी घरात बघा. आजी-आजोबांच्या औषधांच्या डब्यात झोपेच्या गोळ्या असतील तर मोजा. डॉक्टरांनी बदलून दिलेल्या, उरलेल्या स्ट्रिपा त्यात वर्षानुवर्षं पडून असतात आणि दोन कमी झाल्या तर कोणाच्या लक्षातही येत नाही. आजपासून तो डबा कपाटात, कुलपात.

डॉक्टरांकडे जाताना स्ट्रिप सोबत न्या, नाव आणि मिलिग्रॅम त्यावरच असतं. ससून रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. येरवड्याचं मुक्तांगण १९८६ पासून व्यसनमुक्तीचंच काम करतंय, घरच्यांशीही नीट बोलतात. आज रात्रीच कोणाशी बोलावंसं वाटलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास. कॉलेजला कळेल ही धास्ती तुम्ही लिहिली आहे. उपचारांची माहिती गुप्त ठेवणं २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने बंधनकारक आहे, तेव्हा त्यासाठी थांबू नका.

आणि तो हे मजेसाठी घेतो की रात्री झोपच येत नाही म्हणून, हे डॉक्टरांना त्याला स्वतःला सांगू द्या. त्या वेळी तुम्ही दोघं बाहेर बसा.