गाडीवरची मुलं टिकत नाहीत

प्रश्न : अक्कलकोट रोड आणि चिंचोळी एमआयडीसीत माझी चहा-कॉफीची २२ व्हेंडिंग मशीन आहेत. भरायला गाडीवर दोन मुलं. विक्रीवर कमिशन लावलं, तर कमी खपाची मशीन टाळायला लागली. काय करू? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : दादा, कमिशन आधी बंद करा. खप जागेवर ठरतो, भरणाऱ्याच्या हातात तो नसतो. मीही हीच चूक केली आणि एक गुणी मुलगा गमावला. पगार पक्का ठेवा. बक्षीस द्यायचं तर महिनाभर रिकामं न पडलेल्या, स्वच्छ मशीनसाठी द्या.

पण त्याआधी एक दिवस स्वतः गाडीत बसा. मी बसले तेव्हा कळलं, एका कारखान्याच्या गेटवर पोराला पाससाठी पाऊण तास उभं करतात, तेही मे महिन्याच्या उन्हात. आणि मी त्यालाच आळशी म्हणत होते! दुसऱ्या दिवशी जाऊन कायमचा पास करून आणला.

मशीनचं मिक्सिंग बाऊल, म्हणजे पावडर आणि गरम पाणी मिसळतं ते भांडंही उघडून बघा. वाफेनं ओली झालेली पावडर तोंडाशी दगडासारखी बसते. ती खरवडायला दहा मिनिटं जातात. रूट आखताना ती धरलीत का?

मशीनवरचा कपांचा आकडा आणि पेटीतली रोकड भरणाऱ्या मुलासमोरच जुळवा. पाठीमागे मोजलं की माणसाला चोर ठरवल्यासारखं वाटतं.

उन्हाळ्यात गाडी सकाळी सहाला काढा. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेची सुट्टी दोघांना आळीपाळीनं, आधीच सांगून द्या.