नीरज चोप्रानं अर्शद नदीमला बोलावलं हे चुकलं का? देशासाठी खेळणाऱ्यानं मैत्री जपावी की लोकांची अपेक्षा?

तुमचे प्रश्न खरं तर दोन आहेत. नीरज चोप्रानं बंगळुरूच्या भालाफेक स्पर्धेसाठी पाकिस्तानच्या अर्शद नदीमला आमंत्रण दिलं ते योग्य होतं का, हा पहिला. आणि पदक हुकलं की लोक चिडतात त्यात गैर काय, शेवटी तो देशासाठीच खेळतो ना, हा दुसरा. मी कराडजवळच्या एका शाळेत क्रीडाशिक्षक आहे. जिल्ह्याच्या मैदानी स्पर्धांना पंच म्हणून उभा असतो, म्हणून चार शब्द लिहितो. पहिल्याचं उत्तर सोपं आहे: त्यात काही चुकलं नाही. दुसऱ्याला जरा वेळ लागेल.

आधी तारखा लावून घेऊ, कारण निम्मा राग तारखा न पाहताच आलेला होता. आमंत्रणं गेली ती पहलगामच्या हल्ल्याच्या आधी. हल्ला झाला 22 एप्रिल 2025 ला. अर्शदनं तर आशियाई स्पर्धेच्या तयारीचं कारण देऊन येणं जमणार नाही असं कळवलं होतं. हल्ल्यानंतर तो येण्याचा प्रश्नच उरत नाही, असं नीरजनं स्वतः लिहिलं. तरी त्याच्या देशप्रेमावर आणि घरच्यांवर नको ते लिहिलं गेलं. त्याच्या आईलाही सोडलं नाही.

त्या आईचं प्रकरण बघण्यासारखं आहे. ऑगस्ट 2024 मध्ये पॅरिसला अर्शदनं 92.97 मीटर फेकून ऑलिंपिक विक्रम केला, नीरजला 89.45 वर रौप्य मिळालं. तेव्हा सरोजदेवी म्हणाल्या की सोनं जिंकलेला तोही आमचाच मुलगा. सगळा देश डोक्यावर घेऊन नाचला. बघा आपली संस्कृती, बघा आईचं काळीज! वर्षही झालं नव्हतं, तर त्याच वाक्यासाठी तीच माणसं त्यांना शिव्या घालत होती. हे मी माझ्या मनाचं सांगत नाही, नीरजनंच आपल्या निवेदनात हा फरक दाखवून दिला होता.

पुढं मे महिन्यात दोहाला त्यानं स्पष्टच सांगितलं की आम्ही कधी फार जवळचे मित्र नव्हतो, पण जो माझ्याशी आदरानं बोलतो त्याच्याशी मीही आदरानं बोलतो. त्याच दोहात त्यानं पहिल्यांदा नव्वदी ओलांडली, 90.23. आणि तरीही जर्मनीचा वेबर 91.06 फेकून पुढं गेला. वेबरशी तो हसूनखेळून असतो, त्यावर आपल्याकडं कुणी चकार शब्द काढत नाही. म्हणजे हरवणाऱ्याशी दोस्ती चालते, फक्त त्याचा पासपोर्ट कुठला ते आम्ही बघणार.

आता आमच्याकडचं सांगतो. सातारा-सांगली पट्ट्यात जत्रेला कुस्तीचं मैदान असतंच. कुंडलसारख्या मोठ्या मैदानात पंजाब-हरियाणाचे मल्ल येतात, अलीकडं इराणचेही येतात. निवेदक बाहेरच्या मल्लाची ओळख करून देताना त्याची तालीम सांगतो, त्याच्या वस्तादाचं नाव घेतो, आजवर कुणाकुणाशी लढला ते सांगतो, आणि हे सगळं आपल्या गावच्या पोराइतक्याच जोरात सांगतो. का? कारण जोड तोलामोलाची नसेल तर आपला पोरगा जिंकूनही काही मिळवत नाही. हलगी कडाडते, दोघं एकमेकांच्या अंगावर माती टाकतात, हात मिळवतात, खडाखडी सुरू होते. आपला पोरगा चितपट झाला तर दोन मिनिटं मैदान गप्प. पण कुस्ती निकाली आणि चांगली झाली असेल तर बक्षिसाच्या नोटा जिंकलेल्याच्या हातात जातात, तशा हरलेल्याच्याही हातात जातात.

हे लोक फार साधुसंत आहेत असं नाही. पंचाच्या अंगावर धावून जाणं, खुर्च्या फेकणं, सगळं होतं. पण एक गोष्ट त्यांना अजिबात सहन होत नाही, ती म्हणजे नुरा कुस्ती. आधी ठरवून लढलेली कुस्ती ओळखू आली की मग काही खरं नसतं. हार पचते, लबाडी पचत नाही. मला वाटतं खिलाडूवृत्तीचं मूळ इथं आहे. ती सामन्यानंतर दाखवायची सभ्यता नव्हे. समोरचा खरा असला, त्याची ताकद मान्य केली, तरच आपल्या जिंकण्याला भाव येतो.

म्हणूनच सप्टेंबर 2025 मध्ये दुबईत भारत-पाकिस्तान क्रिकेट सामन्यानंतर हस्तांदोलन टाळलं ते मला पटलं नाही. पाकिस्तानशी खेळायचं नाही असं सरकारनं ठरवलं असतं तर मी गुपचूप मान्य केलं असतं, तो त्यांचा अधिकार आहे. पण एकदा मैदानात उतरायचं, तिकिटं विकायची, जाहिराती दाखवायच्या, आणि मग हात तेवढा द्यायचा नाही, हे काय गणित आहे? यावर माझ्याच घरात दोन तट आहेत, तेव्हा तुमचं मत वेगळं असलं तर असू द्या.

दुसऱ्या टोकाला व्हॉट्सॲपवरची गोष्ट आहे. केनियाचा धावपटू शेवटची रेष समजून आधीच थांबला, मागून आलेल्या स्पॅनिश धावपटूनं त्याला खुणा करून पुढं जायला सांगितलं आणि जिंकू दिलं. बहुतेक संदेशांत ती ऑलिंपिकची म्हणून फिरते. ती ऑलिंपिकची नाही. डिसेंबर 2012 मध्ये स्पेनमधल्या बुर्लादा गावच्या क्रॉसकंट्री शर्यतीत हे घडलं. अबेल मुताई पुढं होता आणि इवान फर्नांडेझ मागं. गोष्ट खरी आणि सुंदर आहे. पण संदेशात पुढचा भाग नसतो. फर्नांडेझनं नंतर प्रामाणिकपणे सांगितलं की जागतिक किंवा युरोपियन पदक पणाला लागलं असतं तर कदाचित मी वेगळा वागलो असतो. त्याचा प्रशिक्षक मार्टिन फिझ, जो स्वतः मॅरेथॉनचा विश्वविजेता होता, तोही म्हणाला की मी असतो तर फायदा घेतला असता. मुलांना गोष्ट सांगताना मी हा भागही सांगतो. तो वगळला तर मुलांना वाटतं चांगुलपणाला काही किंमत मोजावी लागत नाही, आणि देशाचा झेंडा छातीवर आला की ती किंमत किती वाढते हे त्यांना कधीच कळत नाही.

ही किंमत वाढवतो कोण? आपणच. आणि सुरुवात फार खालून होते. एका शालेय स्पर्धेत 800 मीटरला मी अंतिम रेषेवर होतो. दुसरी आलेली पोरगी रेष ओलांडून गुडघ्यावर हात ठेवून वाकली होती, धाप लागलेली, पायात शाळेचेच कॅनव्हासचे बूट. बाप दोरीखालून आत आला आणि पहिलं वाक्य बोलला, "नाव घालवलंस गावाचं." गावानं त्या पोरीला काय दिलं होतं? धावायला डांबरी रस्ता, तोही उसाच्या ट्रॅक्टरांतून वाट काढत. पहिली आलेली पोरगी तिच्याकडं पाणी घेऊन येत होती, ती बापाला बघून तिथंच थांबली. मला त्या बापाचा राग आला खरा, पण टीव्हीसमोर बसून आपण याहून वेगळं काय करतो?

माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर आठवून पाहा. दुष्काळी भाग, प्यायच्या पाण्याची मारामार. 2016 ला रिओमध्ये 3000 मीटर स्टीपलचेसच्या प्राथमिक फेरीत तिनं 9:19.76 चा राष्ट्रीय विक्रम केला आणि अंतिम फेरी गाठली. ऑलिंपिकमध्ये धावण्याच्या वैयक्तिक शर्यतीच्या अंतिम फेरीत भारतीय बाई याआधी होती ती 1984 ला, पी. टी. उषा. म्हणजे 32 वर्षांनी. अंतिम फेरी आली नेमकी 15 ऑगस्टला, आपल्याकडं संध्याकाळ. दहावी आली. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर ऐकलं, "दहावीच आली की." त्या 'च'मध्ये सगळं आलं. जगात दहावं येणं म्हणजे काय हे कळायला माणसानं एकदा तरी स्टीपलचेसच्या पाण्याच्या खड्ड्यावरून उडी मारून पाहावी. अडथळ्यावर पाय देऊन उडायचं, पाण्यात उतरायचं आणि भिजलेल्या बुटांनी पुढं पळत राहायचं, आणि असं सात वेळा.

अपेक्षेचं ओझं कुठवर जातं याचं सगळ्यात जड उदाहरण जपानचं आहे. 1964 च्या टोकियो मॅरेथॉनमध्ये कोकिची त्सुबुराया दुसऱ्या क्रमांकानं स्टेडियममध्ये शिरला. हजारो घरचे प्रेक्षक बघत होते. शेवटच्या फेरीत ब्रिटनच्या हीटलीनं त्याला मागं टाकलं. तरी कांस्य मिळालं, आणि त्या ऑलिंपिकमध्ये जपानचं ॲथलेटिक्समधलं ते एकमेव पदक होतं. पण त्यानं ती देशासमोर घडलेली, माफी न होणारी चूक मानली आणि मेक्सिकोच्या पुढच्या ऑलिंपिकमध्ये भरपाई करायची ठरवली. पुढं दुखापती झाल्या, शस्त्रक्रिया झाली. तो सैन्यात होता, वरिष्ठांनी लग्नही ऑलिंपिकनंतर कर म्हणून अडवलं. जानेवारी 1968 मध्ये त्यानं जीवन संपवलं. घरच्यांना लिहिलेल्या चिठ्ठीत त्यांनी खाऊ घातलेल्या एकेका पदार्थाचे आभार मानले होते, आणि आता फार थकलोय, धावणं जमणार नाही, असं लिहिलं होतं. कांस्यपदक मिळवलेला माणूस होता हा.

मग देशानं अपेक्षाच ठेवू नये का? असं मी म्हणत नाही. अपेक्षा ठेवण्याचा हक्क असतो, पण तो कमवावा लागतो. आमच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव बघा, कराडच्या अगदी लगतचं गाव. 1948 ला लंडनमध्ये ते सहावे आले, मातीवरचा मल्ल मॅटवर लढला. 1952 ला हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. गावोगाव वर्गणी झाली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी राहतं घर गहाण टाकून 7000 रुपये दिले. या लोकांना अपेक्षा ठेवायचा पूर्ण हक्क होता. आणि खाशाबांनी तो मानला. पदक घेऊन परत आल्यावर कुस्त्यांची मैदानं भरवली आणि त्या पैशातून ते घर सोडवून दिलं.

हेलसिंकीत काय झालं ते मात्र आपल्याकडं कमी सांगितलं जातं. जपानच्या इशीईशी लांबलेली कुस्ती संपते न संपते तोच त्यांना सोव्हिएत संघाच्या मामदबेयोवशी लढायला उभं केलं. दोन कुस्त्यांमध्ये अर्धा तास विश्रांतीचा नियम होता. तो नियम दाखवून भांडायला जवळ एकही भारतीय अधिकारी नव्हता. थकलेल्या अंगानं लढले, हरले, कांस्य मिळालं. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक ते हेच. इशीई सोनं घेऊन गेला. पुढं खाशाबांनी पोलिसात नोकरी केली, 1984 ला अपघातात गेले, अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. आता 15 जानेवारी, त्यांचा जन्मदिवस, राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा होतो. त्या दिवशी चिडायचं असतं तर खाशाबांवर चिडायचं होतं, की त्या अर्ध्या तासाला जे जागेवर नव्हते त्यांच्यावर?

आणि देश विरुद्ध देश हे सूत्र सगळीकडं लागू पडतंच असंही नाही. साताऱ्याची अदिती स्वामी 2023 मध्ये बर्लिनला तिरंदाजीत विश्वविजेती झाली, वय 17. उपांत्य फेरीत तिनं हरवलं ते ज्योती सुरेखा वेण्णम हिला. आदल्याच दिवशी दोघींनी परनीत कौरसोबत सांघिक सोनं जिंकलं होतं. दोन महिन्यांनी आशियाई स्पर्धेत ज्योतीनं अदितीला हरवलं आणि सोनं नेलं. त्या वेळी कुणाच्या बाजूनं ओरडायचं हे आमच्या टपरीवर कुणालाच ठरवता आलं नाही. सगळे मुकाट्यानं बाण कुठं लागतोय ते बघत होते. माझ्या बघण्यातला टपरीवरचा सगळ्यात शहाणा प्रेक्षकवर्ग तो होता.

शेवटी तुमच्या नीरजकडं येतो. सप्टेंबर 2025 च्या टोकियो जागतिक स्पर्धेआधी सगळीकडं नीरज विरुद्ध अर्शद असाच गवगवा होता. नीरज पाठदुखी घेऊन उतरला होता, आठवा आला. अर्शद दहावा. सोनं त्रिनिदादच्या वॉलकॉटनं 88.16 वर नेलं. आणि भारताचाच सचिन यादव 86.27 ही आपली सर्वोत्तम फेक करून चौथा आला, कांस्यपदकाहून फक्त 40 सेंटिमीटर कमी. त्या आठवड्यात नीरजला काय झालं हे मला किमान वीसेक जणांनी विचारलं. सचिनचं नाव त्यातल्या एकानंही काढलं नाही.