हाडं चघळणारी गाय आणि 'मॅड काऊ'ची भीती

राजापूरकडच्या एका शेतकऱ्याने विचारलंय: 'गाय सड्यावर (कातळाच्या माळावर) चरायला गेली की मेलेल्या गुरांची हाडं चघळत बसते. हाडांतून मेंदूची चाळण करणारा रोग येतो, असं मोबाईलवर पाहिलं. दूध प्यावं का?'

दूध खुशाल प्या, नेहमीसारखं उकळून. तो रोग, म्हणजे 'मॅड काऊ', ब्रिटनमध्ये १९८६ साली ओळखला गेला. तिथे मेलेल्या गुरांच्या मांस-हाडांची भुकटी गुरांच्याच खाद्यात घालत, त्यातून तो पसरला. रोगाचं मूळ म्हणजे प्रायॉन. हा जंतू नव्हे, विषाणूही नव्हे. चुकीची घडी पडलेलं प्रथिन, जे शेजारच्या चांगल्या प्रथिनालाही आपल्यासारखं वाकवतं. उकळून ते मरत नाही, कारण ते जिवंतच नसतं. ब्रिटनमध्ये रोगी गुरांचं मांस खाऊन १७८ माणसं दगावली. दुधातून मात्र तो माणसाला झाल्याचं दिसलेलं नाही, आणि जागतिक पशुआरोग्य संघटनेने भारताला नगण्य धोक्याच्या देशांत धरलंय.

मला चिंता वाटते ती हाडं चघळण्याचीच. आपल्या जांभ्या मातीत लोह फार, ते स्फुरद (फॉस्फरस) धरून ठेवतं. गवतात स्फुरद कमी, म्हणून गाय हाडं, चिंध्या, प्लास्टिक, मिळेल ते चघळते. कुजक्या हाडांत बोट्युलिझमचं विष असू शकतं. मग पाय लुळे पडतात, जीभ लोंबते, गिळता येत नाही, आणि जनावर सहसा वाचत नाही. मोठ्या गाईला रोज ५० ग्रॅम खनिज मिश्रण आंबोणात द्या. मेलेलं गुरू सड्यावर टाकू नका; चुना घालून खोल पुरा. वाडीत सगळ्यांनी पाळलं तरच उपयोग.

दापोलीहून दुसरा प्रश्न: 'गाय लाळ गाळते, सारखी हंबरते, धडपडते. मॅड काऊ का?'

इथे नावानेच घात केलाय. आपल्याकडे अशी गाय दिसली की आधी पिसाळ, म्हणजे रेबीज, मनात आणायचा. कुत्रा किंवा कोल्हा चावलेला आपल्याला कळलेला असतोच असं नाही. घशात काही अडकलंय समजून तोंडात हात घालणारे मी दरवर्षी पाहतो. घालू नका! गाय वेगळी बांधा, पशुवैद्यकांना बोलवा, तिचं दूध काढूच नका. कुणाच्या जखमेला किंवा डोळ्या-तोंडाला लाळ लागली असेल, तर जखम साबण-पाण्याने १५ मिनिटं धुवा, डोळे-तोंड नुसत्या पाण्याने, आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात लस सुरू करा. गाईचं निदान होईपर्यंत थांबू नका.