तीन लाख बाजूला काढलेत, पुरतील का?

प्रश्न : काका, नमस्कार. मी ऐरोलीत राहतो, वय 34, तिथल्याच एका आयटी पार्कात नोकरी. ऑनलाइन पोकर बंद झाल्यापासून मित्रांबरोबर गोव्याला जातो, मांडवीतल्या कॅसिनोच्या जहाजावर खेळतो. 100-200 च्या टेबलावर (म्हणजे पत्ते वाटण्याआधी दोघांनी सक्तीने टाकायची रक्कम, ब्लाइंड, 100 आणि 200) 20 हजार घेऊन बसतो. एका फेरीत साधारण वीस तास खेळ होतो. पहिल्या फेरीत 74 हजार जिंकलो, पुढच्या दोन फेऱ्यांत 58 आणि 61 हजार गेले. खेळ माझा बरा आहे, अभ्यासही करतो. आता एफडी मोडून तीन लाखांचं वेगळं बँकरोल (फक्त खेळासाठीचे पैसे) केलंय, म्हणजे टेबलावर बसतानाच्या 20 हजारांचे पंधरा बाय-इन. पुरेल का? की वरच्या टेबलावर बसून गेलेलं आधी भरून काढू? मिसेस म्हणतात, बंद करा. घराचा हप्ता 41 हजार आहे.

उत्तर : हप्ता तुम्ही शेवटच्या ओळीत लिहिलात. मी पत्र खालून वर वाचतो. बँकेत तीस वर्षं कर्जाच्या फायली तपासल्याची खोड.

आणखी एक गोष्ट पत्रात नाही. ऑनलाइन खेळत होतात तेव्हाचा हिशेब. 2025 च्या ऑगस्टमध्ये कायदा आला आणि पैशांचे ऑनलाइन खेळ बंद झाले, पण त्याआधीचे तुमचे हजारो डाव कुठेतरी नोंदलेले असणार. तो आकडा नफ्याचा असता तर पहिल्याच ओळीत आला असता, असा एका जुन्या बँकवाल्याचा संशय. चुकत असेन तर कळवा.

आता जहाजावरचं बघू. टेबलावर तासाला पंचवीस-तीस डाव होतात. तीन फेऱ्या, साठ तास, म्हणजे सतराशेच्या आसपास डाव. खरोखर चांगला खेळाडू शंभर डावांमागे पाच बिग ब्लाइंड (दोन ब्लाइंडांपैकी मोठा) कमावतो असं धरू. पण त्याच शंभर डावांतला चढउतार सहज नव्वद ब्लाइंडांचा असतो. कमाई डावांच्या पटीत वाढते, चढउतार वर्गमुळाने. सतराशे डावांना कमाई 85 ब्लाइंड, चढउतार 370. तुमचा ब्लाइंड 200 चा. म्हणजे अपेक्षित कमाई 17 हजार आणि चढउतार 74 हजारांचा. चांगला खेळाडू तीनातल्या दोन वेळा 57 हजार तोटा ते 91 हजार नफा यांच्यामध्ये कुठेही असू शकतो. तेवढाच वाईट खेळाडू 91 हजार तोटा ते 57 हजार नफा यांच्यामध्ये. तुम्ही एकूण 45 हजारांनी खाली आहात. दोन्ही चौकटींत बसता! तुम्ही चांगले की वाईट, हे या तीन फेऱ्या सांगूच शकत नाहीत. वर्षाला अशा तीन फेऱ्या धरल्या तर दहा हजार डाव व्हायला सहा वर्षं लागतील, आणि तेव्हाही चांगला खेळणारा तोट्यात असण्याची शक्यता शंभरात तीसच्या जवळपास राहते.

म्हणून पंधरा पुरतील का, हा प्रश्नच मला अवेळी वाटतो. कॅश गेमला (स्पर्धा नव्हे, तुमच्यासारखा रोख पैशांचा खेळ) वीस ते चाळीस बाय-इन ठेवा असं जाणते सांगतात. पोकरच्या वर्ल्ड सिरीजचा 2000 सालचा विजेता ख्रिस फर्ग्युसन एका टेबलावर बँकरोलच्या पाच टक्क्यांपेक्षा जास्त नेत नसे, म्हणजे निदान वीस बाय-इन. पण हे सगळे नियम जिंकणाऱ्यासाठी आहेत. जो लांब पल्ल्यात हरतो, त्याला चाळीस बाय-इन दिले तर तो चाळीस हरेल, एवढंच. शिवाय कॅसिनो पॉटमधून, म्हणजे डावात जमलेल्या पैशांतून, रेक (स्वतःचा वाटा) कापतं, आणि प्राप्तिकराच्या नजरेत पत्त्यांच्या जिंकण्यावर सरळ 30 टक्के कर, वर सेस; हरलेले पैसे त्यातून वजा होत नाहीत. त्या 74 हजारांवर 23,088 रुपये झाले. तुमचा तोटा 45 नाही, 68 हजार आहे.

वरच्या टेबलाबद्दल माझं स्वतःचंच सांगतो. 2012 साल. पणजीत दुसऱ्या रात्री माझे दोन बाय-इन गेले होते. खिशात हिच्या भिशीचे 40 हजार होते, परतल्यावर नौपाड्यातल्या एका बाईंना पोचवायचे. मी दुप्पट ब्लाइंडच्या टेबलावर बसलो. अर्ध्या तासात हातात राजांची जोडी आली, सगळे चिप्स मध्ये सरकवले. समोरच्याने एक्क्यांची जोडी उलटली. राजे एक्क्यांना शंभरात अठरा वेळा हरवतात. त्या रात्री नाही हरवलं. लोक म्हणतील नशीब. अहो, राजे घेऊन आत जाणं बरोबरच होतं, चूक अर्धा तास आधी झाली होती, खुर्ची ओढून बसलो तेव्हा. ठाण्यात परतल्यावर तलावपाळीच्या कठड्यावर बसून हिला सांगितलं. ती काही बोलली नाही. घरी आल्यावर भिशीची वही माझ्या टेबलावरून उचलून तिने स्वतःच्या कपाटात ठेवली. अजून तिथेच आहे.

त्यानंतर मी माझी वही केली. मोठा डाव झाला की शौचालयाच्या निमित्ताने उठून दोन ओळी लिहितो. एक नोंद : ‘फ्लॉपला (पहिले तीन पत्ते उघडल्यावर) बदामचे चार पत्ते जमले, पाचवा हवा. पॉटमध्ये 14 हजार, मला भरायचे 6. पुढच्या दोन पत्त्यांत बदाम यायची शक्यता 35 टक्के, लागते 30 (वीस हजारांत माझे 6). भरले. बरोबर.’ पुढचे दोन्ही पत्ते काळे आले, सहा हजार गेले. ‘बरोबर’ खोडलं नाही. आकड्यांवरून जे सहा वर्षं कळणार नाही, ते अशा दोनशे नोंदींवरून थोडंफार कळतं. ‘कंटाळा आला म्हणून भरले’ असं मी एका फेरीत चार वेळा लिहिलेलं सापडलं, तेव्हा फार लाज वाटली.

तुम्ही ते तीन लाख पुन्हा एफडीत टाका. वर्षाचा एक आकडा मिसेससमोर ठरवा, सहलीचा खर्च ठरवतो तसा, गेला तर हप्त्याला धक्का न लागणारा. 50-100 चं टेबल मिळालं तर तिथे बसा. एका फेरीला दोन बाय-इन, कार्ड हॉटेलच्या तिजोरीत. मित्रांपैकी कुणी परदेशी ॲप सुचवेल, किंवा घोडबंदरच्या एखाद्या फ्लॅटमध्ये जागेचे पैसे कापून बसवलेला डाव. दोन्हींना नाही म्हणा. जुगार अड्ड्यांचा 1887 चा कायदा आपल्याकडे अजून जिवंत आहे. आणि त्या दोन ओळी लिहायचंही जमत नसेल, तर मिसेसचं ऐका.

प्रश्न : मी वाशीची, वय 63. दिवाळीत सोसायटीत तीन पत्ती बसते. मी 500 रुपये पाकिटात घेऊन जाते, संपले की उठते. मुलं म्हणतात, आई, असं खेळून कधी जिंकणार नाहीस. बूट (प्रत्येकाने डावाच्या सुरुवातीला टाकायची रक्कम) पाच रुपयांचा असतो.

उत्तर : वहिनी, 500 म्हणजे शंभर बूट, पोकरवाल्यांच्या भाषेत बरोब्बर एक बाय-इन. मुलांना वरचं उत्तर वाचायला द्या. आणि मला एक सांगा, जिंकलेले पैसे त्याच पाकिटात टाकता की वेगळे ठेवता?