बोअरच्या पाण्यावर, झाडं लावलेल्या दोन फुटी टाकीत कोणते मासे एकत्र राहतील?

आधी पाणी बघा, मासे मागून. आपल्याकडे बोअरचं पाणी बहुतेक जड, म्हणजे जास्त क्षारांचं असतं. भांड्यावर पांढरा थर बसत असेल तर निऑन टेट्राचा नाद सोडा, त्याला मऊ पाणी मानवतं. गप्पी आणि प्लॅटी मात्र अशा पाण्यात खुशाल राहतात, एकमेकांच्या वाटेला जात नाहीत. एका नरामागे दोन-तीन माद्या ठेवा, नाहीतर नर माद्यांना पळवून पळवून दमवतात. पिल्लं भराभर होतील. ती कुणाच्या गळ्यात मारायची ते आत्ताच ठरवा!

गोल्डफिश नकोच. झाडं खातो, उपटतो, आणि त्याला पाणीही थंड हवं. टायगर बार्ब गप्पीच्या शेपट्या कुरतडतो. झाडांत वॅलिस्नेरिया लावा, जड पाण्यात चांगली पसरते.

आमच्या आर्वीकडे मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो, त्यात लाइन गेली की एअर पंप बंद. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो, म्हणून तुमच्या टाकीत (साधारण 55 लिटर) 10-12 च मासे ठेवा. मी पहिल्या वर्षी हौसेने 25 भरले होते. एका दुपारी शेतातून आलो तर अर्धे उलटे तरंगत होते.