दुसऱ्या वर्षाचे पैसे कोण देणार? लहान मुलांच्या सरकारी लॅपटॉपविषयी प्रश्नोत्तरे

पहिली ते चौथीच्या मुलांना सरकारने लॅपटॉप द्यावेत का, या विषयावर नागपूर शहरातून आणि जिल्ह्यातून बरीच पत्रं आली आहेत. यंत्र देणं आणि शिकवणं या दोन गोष्टी एकच समजल्यामुळे होणारा गोंधळ जवळपास प्रत्येक पत्रात आहे, म्हणून निवडक प्रश्न एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक आली आहे. दुसरीच्या मुलाच्या नावाने आधार क्रमांक आणि नोंदणीचे ३५० रुपये भरले की सरकारी लॅपटॉप घरपोच मिळेल, असं लिहिलं आहे. भरू का? (पालक, मानेवाडा)

भरू नका. सरकारी योजनेचं साहित्य शाळेमार्फत येतं, ते मुख्याध्यापकांना विचारा. आधार क्रमांक आणि ओटीपी आधीच दिला असेल तर आजच बँकेत जा आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. उद्यावर ढकलू नका.

प्रश्न : श्रीमंतांची मुलं घरी लॅपटॉप वापरतात. मग गरिबांच्या मुलांना सरकारने पहिलीपासून का देऊ नये? विरोध करणं म्हणजे त्यांना मागे ठेवणं नाही का? (शिक्षिका, मनपा शाळा)

बाई, तुमचा सल रास्त आहे. पण हा प्रयोग जगात होऊन गेला आहे, त्यामुळे अंदाजावर बोलायची गरज नाही. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाचे निकोलस नेग्रोपॉन्टे यांनी २००५ मध्ये शंभर डॉलरच्या लॅपटॉपची कल्पना मांडली. २००७ मध्ये तो प्रत्यक्ष तयार झाला तेव्हा किंमत जवळपास दुप्पट झाली होती. पेरू देशाने असे आठ लाखांहून अधिक लॅपटॉप घेतले. तिथल्या ग्रामीण भागातल्या ३१९ प्राथमिक शाळांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांच्या हाती यंत्रं पोचली होती आणि ती वापरलीही जात होती, पण गणित आणि भाषेच्या गुणांत फरक दिसला नाही. तर्क करण्याच्या काही चाचण्यांत थोडी वाढ दिसली, हेही सांगायला हवं. भारत सरकारने २००६ मध्येच या शंभर डॉलरच्या लॅपटॉपच्या योजनेला नकार दिला होता. आधी वर्गखोल्या आणि शिक्षक, अशी तेव्हाची भूमिका होती.

आता दुसरी बाजू. वडोदऱ्याच्या महापालिका शाळांत चौथीच्या मुलांना आठवड्याला फक्त दोन तास, एका संगणकावर दोघं बसवून, गणिताचे खेळ दिले गेले. मुलाच्या पातळीप्रमाणे प्रश्न सोपा किंवा अवघड होत असे. तिथे गणिताचे गुण स्पष्टपणे वाढले. हा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. कार्यक्रम थांबल्यावर वर्षभरात त्या फायद्यातला बराच भाग ओसरला, हेही त्यातच नोंदलं आहे.

मुलामागे एक यंत्र देऊन गुण वाढले नाहीत आणि दोघांत एक देऊन वाढले, कारण दुसऱ्या ठिकाणी विषय, वेळ आणि पातळी आधी ठरलेली होती. म्हणून माझं मत असं की पहिली-दुसरीत सरकारने लॅपटॉपवर पैसा घालू नये. तो वाचनाची पुस्तकं, अंक-मणी आणि शिक्षकांची रिकामी पदं यांवर लागावा. तिसरी-चौथीसाठी शाळेतच राहणारी, दोन मुलांत एक अशी यंत्रं चालतील. गरिबाच्या मुलाला खरा धोका वेगळाच आहे. बंद पडलेला लॅपटॉप श्रीमंताच्या घरी दुरुस्त होतो, गरिबाच्या घरी नाही. तुमच्या शाळेत नेमकं काय परवडेल, हे शाळा व्यवस्थापन समितीत हिशेब मांडून ठरवा.

प्रश्न : तिसरीतल्या नातीला शाळेचा टॅब मिळाला आहे. निळा प्रकाश अडवणारा चष्मा घ्यावा, असं दुकानदार म्हणतो. (आजोबा, धरमपेठ)

घेऊ नका. अशा काचांमुळे डोळ्यांवरचा ताण कमी होतो, असं २०२३ च्या मोठ्या आढाव्यात दिसलं नाही. त्यापेक्षा तिला रोज उघड्यावर खेळू द्या. चीनमधल्या ग्वांगझू इथे शाळेत रोज ४० मिनिटं जास्त बाहेर काढलेल्या मुलांत तीन वर्षांत नव्याने लघुदृष्टी (लांबचं धूसर दिसणं) झालेल्यांचं प्रमाण ३०.४ टक्के होतं, तर इतर मुलांत ३९.५ टक्के. आपल्याकडे उन्हाळ्यात सकाळी आणि सूर्य कलल्यावर पाठवा. ती फळा डोळे बारीक करून बघत असेल तर दुकानदाराला विचारत बसू नका, मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या नेत्रविभागात नाहीतर तुमच्या नेत्रतज्ज्ञांकडे तपासून घ्या.

प्रश्न : आमच्या जिल्हा परिषद शाळेसाठी ग्रामपंचायत ३० लॅपटॉप घेणार आहे. विक्रेत्याने २२,००० रुपये नग असा भाव दिला आहे. तीन वर्षांची हमी आणि हजारो धड्यांचं अ‍ॅप मोफत. ६ लाख ६० हजारांत काम होतं. काही अडचण? (सरपंच, काटोल तालुका)

सरपंचसाहेब, ६ लाख ६० हजारांत खरेदी होते, काम होत नाही. हे उत्तर लांबणार आहे, कारण जिथे जिथे यंत्रं कपाटात मरतात तिथे याच प्रश्नाचं उत्तर आधी घेतलेलं नसतं.

आधी पैशाचं बघा. समग्र शिक्षा योजनेत सहावी ते बारावीच्या संगणक प्रयोगशाळेसाठी एकदाचे ६ लाख ४० हजार आणि शिवाय दरवर्षीचे २ लाख ४० हजार असं गणित धरलं आहे. खुद्द केंद्र सरकारच खरेदीच्या एक तृतीयांशाहून जास्त रक्कम दरवर्षी लागेल असं मानतं. त्यात शिकवणारा माणूस, वीज, धडे हे सगळं येतं. तुमच्या ठरावात दुसऱ्या वर्षाच्या रकान्यात काय लिहिलं आहे? काहीच नसेल तर ३० ऐवजी १५ घ्या आणि उरलेला पैसा त्या रकान्यात ठेवा.

मग हमी. ‘तीन वर्षांची हमी’ या शब्दांखाली बारीक अक्षरात बहुतेक वेळा ‘बॅटरी व अडॅप्टर एक वर्ष’ असतं, आणि लहान मुलांच्या हाती सर्वांत आधी जातात ते बॅटरी, अडॅप्टरची पिन आणि बिजागरी. बॅटरीचीही तीन वर्षांची हमी लेखी मागा. हमीची तारीख बिलापासून नको, यंत्र शाळेत सुरू करून दिल्यापासून मोजायची. दुरुस्तीला माणूस शाळेत येणार की यंत्रं नागपूरला वाहून न्यायची, हेही लिहून घ्या. २२ हजारांच्या यंत्रात स्टोरेज अनेकदा ६४ जीबीचं आणि मदरबोर्डवरच जोडलेलं असतं. दोन-तीन अपडेटांत ते भरतं आणि बदलता येत नाही. ८ जीबी रॅम आणि बदलता येणारी २५६ जीबी एसएसडी (माहिती साठवणारी वेगवान डिस्क) यांपेक्षा कमी घेऊ नका. अडॅप्टरवर बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) खूण आणि ‘आर’ने सुरू होणारा क्रमांक आहे का, ते डोळ्यांनी बघा. ३० यंत्रांमागे तीन अडॅप्टर आणि दोन पूर्ण यंत्रं राखीव हवीत. अ‍ॅप ‘मोफत’ म्हणजे किती महिने? बहुतेकदा वर्षभर, पुढे नगामागे पैसे. सरकारचं दीक्षा अ‍ॅप आणि बालभारतीची ई-पुस्तकं खरोखर मोफत आहेत, ती आधी वापरा.

आता वायरिंग, आणि इथे हयगय नको. ३० अडॅप्टर ६५ वॅटचे धरले तर एकत्र १,९५० वॅट, म्हणजे साधारण साडेआठ अँपिअर. शाळेतला भिंतीवरचा साधा सॉकेट ६ अँपिअरचा असतो. त्यात एक्स्टेंशन बोर्ड, त्या बोर्डात दुसरा बोर्ड असं केलं की जोड तापतो, प्लास्टिक वितळतं आणि खोलीत मुलं असतात. स्वतंत्र सर्किट, २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, १६ अँपिअरचा एमसीबी (भार वाढला की वीज तोडणारा स्विच), ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती झाली की वीज तोडणारा स्विच) आणि तपासलेलं अर्थिंग हवं. तरीही एका वेळी दहाच यंत्रं लावा. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या आणि त्याचा तपासणी अहवाल शाळेत ठेवा. गावातल्या हौशी मुलाला यात हात घालू देऊ नका.

शेवटी आपला उन्हाळा. इथे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, टिनाच्या छताखाली बंद खोलीत त्याहून जास्त. ४० अंशांत पूर्ण भरून वर्षभर ठेवलेली लिथियम बॅटरी साधारण एक तृतीयांश क्षमता गमावते. ४० टक्के भरलेली ठेवली तर नुकसान निम्म्याहून कमी होतं. आणि पूर्ण रिकामी ठेवली तर सेल इतका उतरतो की संरक्षक सर्किट त्याला पुन्हा चार्जच होऊ देत नाही. विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, म्हणजे यंत्रं जवळपास दोन महिने पडून असतात. सुटी लागायच्या दिवशी प्रत्येक यंत्र ५० टक्क्यांवर आणा, पूर्ण शटडाउन करा, अडॅप्टर वेगळा ठेवा. कपाट पश्चिमेच्या भिंतीला आणि टिनाला लागून नको. मधे एकदा, सकाळच्या गारव्यात, उघडून बघा. कूलरचा झोत कपाटावर किंवा चार्जिंगच्या जागेवर कधीच नको; ओली हवा आणि धूळ मिळून पोर्टमध्ये चिखल बसतो. यंत्राचं खालचं झाकण फुगलेलं दिसलं, टचपॅड वर उचललं गेलं, तर बॅटरी सुजली आहे. दाबू नका, चार्ज करू नका, मुलांपासून दूर ठेवून सेवा केंद्राला बोलवा. जुन्या बॅटऱ्या भंगारवाल्याला विकायच्या नाहीत, अधिकृत ई-कचरा संकलन केंद्राकडे द्यायच्या.

एवढं झाल्यावर ठराव गटशिक्षणाधिकाऱ्यांना दाखवा, मगच सही करा.

प्रश्न : खाजगी शाळेने पहिलीसाठी टॅब सक्तीचा केला आहे, तोही एकाच दुकानातून. बाहेर तोच १,८०० रुपयांनी स्वस्त आहे. (पालक, हिंगणा रोड)

सहा वर्षांच्या मुलाला टॅब अनिवार्य असण्याचं शैक्षणिक कारण मला माहीत नाही. शाळेकडून तीन गोष्टी लेखी मागा : कोणत्या विषयाला, दिवसाला किती मिनिटं, आणि बाहेरून घेतलेला का चालत नाही. केंद्राच्या २०२० च्या ‘प्रज्ञाता’ सूचनांत ऑनलाइन वर्गांसाठीसुद्धा पहिली ते आठवीला दिवसाला ३० ते ४५ मिनिटांची दोनच सत्रं सांगितली होती. एकटे भांडू नका, पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीत विषय घ्या. उत्तर मिळालं नाही तर शिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.

प्रश्न : शाळेला सीएसआरमधून (कंपनीच्या सामाजिक निधीतून) २० लॅपटॉप मिळाले. उद्घाटनाला पाहुण्यांची तारीख मिळत नाही म्हणून सात महिने खोक्यात आहेत. काढू का? (मुख्याध्यापक, उमरेड तालुका)

सर, आजच काढा. हमी बिलापासून चालू झाली असेल तर सात महिने वाया गेलेच आहेत. प्रत्येक खोक्यावरचा क्रमांक साठा नोंदवहीत चढवा, दोन तास चार्जिंगला लावा, सुरू होणारे आणि न होणारे वेगळे करा. न होणाऱ्यांची तक्रार त्याच दिवशी ईमेलने कंपनीला पाठवा, फोनवर सांगून थांबू नका. देणगीच्या करारात काही अट असेल तर देणाऱ्या संस्थेला पत्र टाका. पाहुणे चालू यंत्रांचंही उद्घाटन करू शकतात.

प्रश्न : लॅपटॉपवर लिहायला शिकलं तर पाटी आणि वही सोडता येईल का? (पालक, सक्करदरा)

नाही. अक्षर हाताने गिरवूनच पक्कं होतं. टंकलेखन चौथीनंतर, आणि तेव्हा मराठी इनस्क्रिप्ट कळफलक (भारतीय भाषांसाठीची प्रमाण कळरचना) शिकवा. मुलाचं लिहिणं फारच मागे वाटत असेल तर वर्गशिक्षकांशी बोला, गरज पडल्यास बालविकास तज्ज्ञांना दाखवा.

प्रश्न : एका कार्यालयाचे जुने दहा संगणक फुकट मिळत आहेत. घ्यावेत का? (शाळा व्यवस्थापन समिती सदस्य, कामठी)

४ जीबी रॅम आणि चालू स्थितीतला मॉनिटर असेल तर घ्या. हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवा, वेगातला फरक लगेच कळेल. विंडोज १० ला मिळणारे नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपले, म्हणून त्यावर लिनक्स ही मोफत प्रणाली टाका. केरळच्या सरकारी शाळा वर्षानुवर्षं मुक्त सॉफ्टवेअरवरच चालतात. जुन्या डिस्कवरची कार्यालयाची माहिती त्यांनीच पुसून द्यायची, हे पत्रात लिहून घ्या. आणि दहातले चार बंद निघाले तर ते परत करा, शाळेला गोदाम करू नका.