सहावी ते आठवीच्या पृथ्वीविज्ञानाच्या वर्गासाठी नियम आणि अपेक्षा कशा ठरवाव्यात?

तुम्ही लिहिलं आहे की यंदा पहिल्यांदाच सहावी ते आठवीच्या मुलांना पृथ्वीविज्ञान शिकवणार आहात, शाळेनं वर्गाचे नियम आणि अपेक्षा यांचं एक पान मागितलं आहे, आणि कडक राहावं की मोकळं सोडावं हे तुम्हाला ठरवता येत नाही. मी हा विषय बरीच वर्षं शिकवते आहे. कोणताही नियम पानावर लिहिण्याआधी मी आता एकच गोष्ट तपासते: या नियमामुळे मूल खरं लिहील की खोटं? हे तपासायची सवय मला माझ्याच एका चुकलेल्या नियमामुळे लागली, म्हणून आधी तो सांगते.

चंद्रकलांच्या धड्यासाठी मी मुलांना महिनाभर चंद्राची नोंद ठेवायला सांगत असे. रोज एक चौकट: चंद्राचा आकार, कुठल्या दिशेला दिसला, किती वाजता. तीस चौकटींपैकी जेवढ्या रिकाम्या राहतील तेवढे गुण कमी. नियम स्वच्छ होता, सगळ्यांना सारखा होता, आणि बहुतेक वह्या भरून यायच्या. मग एकदा एका मुलीची वही हातात आली. सुरेख रेखाटनं, एकही चौकट रिकामी नाही. पण तिनं पौर्णिमेचा पूर्ण गोल चंद्र रात्री बारा वाजता पूर्वेच्या क्षितिजाला टेकलेला दाखवला होता. पौर्णिमेचा चंद्र सूर्य मावळताना उगवतो. मध्यरात्री तो आकाशात उंच गेलेला असतो. ती वही एका बैठकीत, पुस्तकातल्या आकृतीवरून भरलेली होती.

मी तिला एकटीला बोलावून विचारलं. ती म्हणाली, "आठ दिवस ढगच होते. गुण गेले असते." त्या आठ दिवसांत तिनं रोज बाहेर येऊन पाहिलं होतं. तिनं खरं लिहिलं असतं तर मी तिचे आठ गुण कापले असते. मग तिनं उरलेल्या बावीस दिवसांचंही खरं लिहायचं सोडून दिलं. तेव्हा मी बाकीच्या वह्या पुन्हा उघडल्या आणि तसल्या आणखी सापडल्या. मुलं लबाड नव्हती. रिकाम्या चौकटीला शिक्षा आणि बनावट चौकटीला बक्षीस, हे मीच ठरवून दिलं होतं.

तेव्हापासून माझ्या पानावरची पहिली ओळ अशी आहे: "ढगाळ, दिसला नाही" ही पूर्ण गुणांची नोंद आहे. "आज पाहायचं राहिलं" हीसुद्धा नोंद आहे; तिला थोडे कमी गुण, पण शून्य नाही. न पाहता काढलेल्या चित्राला शून्य. हे मी पहिल्याच दिवशी मोठ्यानं वाचून दाखवते. चौकटी आता जास्त रिकाम्या असतात, पण साडेएकोणतीस दिवसांचं चक्र मुलांना त्याच वह्यांमधून सापडतं. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा उगवतो हे कुणी तरी स्वतःहून ओरडून सांगतं, आणि त्या क्षणासाठी मी उरलेलं वर्षभर शिकवू शकते.

दुसरी ओळ खोडरबराची. नोंदवही पेनानंच लिहायची, चुकलं तर एकच आडवी रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे. पानं फाडायची नाहीत. ही ओळ मुलांना सगळ्यात जाचक वाटते, कारण इतर विषयांत स्वच्छ वहीची शाबासकी मिळालेली असते. म्हणून कारण सांगावं लागतं, आणि मी भूकंपशास्त्रज्ञ इंगे लेहमान यांची गोष्ट सांगते. १९२९ साली न्यूझीलंडमध्ये मोठा भूकंप झाला. पृथ्वीचा गाभा पूर्णपणे द्रवरूप आहे असं तेव्हा मानत, आणि त्या हिशेबानं पृथ्वीच्या पलीकडच्या ठरावीक पट्ट्यात त्या भूकंपाच्या लहरी पोहोचायलाच नको होत्या. तरी तिथल्या भूकंपमापकांवर बारीकशा खुणा उमटल्या. डेन्मार्कच्या लेहमान यांनी त्या खुणा क्षुल्लक म्हणून सोडल्या नाहीत. त्यांचा अर्थ लावून १९३६ साली त्यांनी गाभ्याच्या आत आणखी एक गाभा असल्याचं मांडलं. वयाच्या १०४ वर्षांपर्यंत त्या जगल्या, हेही सांगा. मुलांना ते फार आवडतं. मग विचारा: न जुळणारी खूण कुणी खोडून टाकली असती तर? त्यानंतर खोडरबराबद्दल वाद घालायची वेळ माझ्यावर क्वचितच आली आहे.

याच ओळीला जोडून एक अपेक्षा: प्रत्येक प्रयोगाआधी अंदाज लिहायचा, आणि चुकीच्या अंदाजाचा गुण कापला जाणार नाही. "उन्हाळा का येतो?" याला निम्मा वर्ग "पृथ्वी सूर्याजवळ जाते म्हणून" असं लिहितो. लिहू द्या. महिन्याभरानं त्यांना आकडे द्या: पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या सुरुवातीला, साधारण १४.७ कोटी किलोमीटरवर, आणि सर्वांत दूर जुलैच्या सुरुवातीला, साधारण १५.२ कोटींवर. उत्तर गोलार्धात जानेवारीत थंडी असते. स्वतःच्या अक्षरात लिहिलेलं जुनं वाक्य समोर असलं की मूल पृथ्वीच्या आसाच्या कलण्याकडे, म्हणजे ऋतूंच्या खऱ्या कारणाकडे, मनापासूनच्या कुतूहलानं वळतं. अंदाज खोडलेला असेल तर "मला आधीपासून माहीत होतं" म्हणून मोकळं होतं.

उशिरा दिलेल्या कामाबद्दल तुम्ही खास विचारलं आहे. इथे मी दोन गोष्टी वेगळ्या ठेवते. लेखन उशिरा चालतं: अहवाल, नकाशा, प्रश्नांची उत्तरं, घटक संपेपर्यंत कधीही द्या, गुण कापत नाही. निरीक्षण मात्र उशिरा करता येत नाही. गेल्या मंगळवारचा वायुदाब आज मोजता येत नाही. हे सांगताना आवाज चढवावा लागत नाही, कारण ते मुलांना पटतं. नियम माझा नाही, मंगळवारचा आहे. गैरहजर मुलानं काय करायचं? गटातल्या कुणाचे तरी आकडे घ्यायचे आणि वहीत नावानिशी लिहायचं की हे आकडे अमुककडून घेतले. नाव लिहिलं तर ते पूर्णपणे मान्य, नाव न लिहिता घेतलं तर ती नक्कल. नक्कल म्हणजे काय, हे बारा वर्षांच्या मुलाला समजावण्याचा मला याहून सोपा मार्ग सापडलेला नाही. इंटरनेटवरून किंवा संगणकाकडून लिहून घेतलेल्या उत्तरालाही हीच कसोटी लावा: कुठून आलं ते लिहिलं आहे का, आणि त्यातलं एखादं वाक्य मी विचारलं तर स्वतःच्या शब्दांत सांगता येतं का.

गटकामाच्या नियमांत एक गोष्ट माझ्या फार उशिरा लक्षात आली. चार जणांच्या गटात हातोडी, भिंग आणि ड्रॉपर दर वेळी त्याच दोघांच्या हातात जातात, आणि ज्याचं अक्षर चांगलं ते मूल वर्षभर नुसतं लिहीत बसतं. बहुतेक वेळा ती मुलगी असते. म्हणून कामं फिरती ठेवा आणि फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा: आज मोजणार कोण, लिहिणार कोण, साहित्य आणणार-ठेवणार कोण, आणि सुरक्षिततेकडे पाहणार कोण. पुढच्या तासाला सगळे एक घर पुढे. अदलाबदल करून घ्यायला परवानगी देऊ नका, कारण अदलाबदलीत लाजरं मूलच नेहमी आपली पाळी सोडून देतं.

सुरक्षिततेत मात्र मी अजिबात मोकळी नाही. खडक फोडताना बारीक कपच्या उडतात, त्या फोडणाऱ्यापेक्षा बघणाऱ्याच्या डोळ्यांत जाण्याची शक्यता कमी नसते. म्हणून सुरक्षा-चष्मा सगळ्यांना, लांब उभ्या असलेल्यालाही. नमुना कापडात गुंडाळून फोडायचा. चुनखडक ओळखण्यासाठी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल, साधारण दहा टक्क्यांचं, एक थेंब, ड्रॉपरनं. ते पातळ करण्याचं काम फक्त शिक्षकाचं, आणि आम्ल पाण्यात घालायचं, पाणी आम्लात कधीच नाही. आम्ल वापरायचं नसेल तर कॅल्साइटची (चुनखडकातलं मुख्य खनिज) पूड करून त्यावर व्हिनेगर टाका, हळूहळू पण बुडबुडे येतात. कोरडी माती किंवा वाळू चाळायची असेल तर आधी पाणी शिंपडा. ती धूळ फुफ्फुसांना वाईट असते, आणि वर्गात कुणाला दम्याचा त्रास आहे का हे पालकांना आधीच विचारून ठेवा. सूर्याकडे थेट पाहायचं नाही, दुर्बिणीतून तर मुळीच नाही, आणि साधा काळा चष्मा यात उपयोगाचा नाही. सूर्याचं सगळं काम काठीच्या सावलीवरून होतं.

चवीबद्दल स्वतंत्रपणे लिहा. जुन्या पुस्तकांत सैंधव चाखून ओळखण्याची पद्धत दिलेली असते आणि ती मुलांना कुठून तरी कळतेच. पण त्याच पेटीत गॅलेना असतं, ते शिशाचं खनिज आहे. दोन्ही घनाकृती तुकड्यांत फुटतात, आणि दोन्ही एकाच हातानं हाताळली जातात. सैंधव पाण्यात विरघळतं, गॅलेना हातात धरताच जड लागतं (घनता पाण्याच्या साडेसात पटीच्या आसपास). ओळखायला एवढं पुरतं. वर्गात काहीही तोंडात जाणार नाही, आणि तास संपला की हात साबणानं धुवायचे, घाई असली तरी.

हे नियम मोडले तर काय? मी मुलाला बाहेर काढत नाही. त्या दिवशी तो साहित्याला हात लावत नाही, बसून दुसऱ्या गटाची निरीक्षणं लिहितो. पुढच्या तासाला नव्यानं सुरुवात, आदल्या वेळचा उल्लेखही करायचा नाही. एक इशारा, दोन इशारे अशी शिडी मी ठेवलेली नाही, कारण पहिला इशारा म्हणजे एकदा फुकट मोडायची सोय असं मुलं समजतात, आणि डोळ्याच्या बाबतीत ती सोय मला द्यायची नाही.

गुणांचं वाटप शाळेच्या पद्धतीवर अवलंबून राहील. माझं मत विचाराल तर नोंदवहीला सगळ्यात मोठा वाटा द्या. मी ४० टक्के देते. प्रात्यक्षिक परीक्षेत दहा खडक पाठ करून ओळखायला लावू नका. एक अनोळखी नमुना द्या आणि वही उघडी ठेवू द्या. नखानं ओरखडा उठतो का (खनिजांचं काठिण्य मोजायच्या एक ते दहा या मोहस मापावर नख अडीचच्या आसपास), काचेवर ओरखडा पाडतो का (काच साडेपाच), चकाकी नसलेल्या चिनी मातीच्या फरशीवर कुठल्या रंगाची रेघ उमटते, हे त्यानं क्रमानं तपासलं का ते पाहा. चमकदार राखाडी हेमॅटाइटची रेघ तांबूस येते आणि सोनेरी पायराइटची हिरवट काळी. हे ज्यानं पाहून लिहिलं आणि शेवटी नाव चुकवलं, त्याला मी नाव बरोबर सांगून कारण न देणाऱ्यापेक्षा जास्त गुण देते. ते पानावर स्पष्ट लिहा, नाहीतर पालकसभेत समजावत बसावं लागतं. लेखी परीक्षा एकदा पुन्हा देता येईल, पण आधी पहिल्या पेपरातली प्रत्येक चूक का झाली ते लिहून आणायचं.

मोबाइल, उशिरा येणं, पाणी प्यायला जाणं यासाठी वेगळे नियम करू नका. शाळेचे आहेत तेच ठेवा.

पान एकच बाजू भरेल एवढंच असू द्या आणि पहिल्या तासाची सुरुवात ते वाचून करू नका. पहिल्या तासाला प्रत्येक गटाला एक पायराइट आणि एक फरशी द्या, रेघेच्या रंगाचा अंदाज लिहायला सांगा, मग घासू द्या. सोनेरी दगडातून काळी रेघ निघाली की निम्मी मुलं आधीचा अंदाज खोडायला जातील. तिथे त्यांना थांबवा आणि पान काढा.

आणि शाळा सुरू होण्याआधी एक काम जरूर करा. प्रयोगशाळेतली जुनी खनिजांची पेटी स्वतः तपासा, मुलांसमोर उघडण्याआधी. जुन्या संग्रहांत ॲस्बेस्टॉसचे तंतुमय नमुने आणि कधी युरेनियमची खनिजंही असतात, कपाटात पाऱ्याचा तापमापक किंवा वायुदाबमापक असू शकतो. तंतू सुटणारं किंवा लेबल नसलेलं संशयास्पद काही दिसलं तर हाताळू नका, झटकू नका. खोली बंद करून मुख्याध्यापकांना लेखी कळवा आणि त्याची विल्हेवाट जाणकारांकडूनच करून घ्या.